दुसऱ्या खोबणीची जागा

पोंपिल ड्रागियाने चाळीस वर्षं बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. रेडिओ, टीव्ही, इस्त्र्या, एकदा तर चर्चचा लाउडस्पीकर, तोही ईस्टरच्या आदल्या दिवशी, पाद्री डोक्यावर उभा असताना. पण बायको गेली त्या वर्षी त्याच्या ध्यानात आलं की त्यांच्या गावात, कोराबियात, आता काही बिघडतच नाही. म्हणजे बिघडतं, पण लोक ते उचलून कचऱ्यात टाकतात आणि नवं आणतात. आणि नवं आणायची ऐपत आहे ती माणसं कोराबियात राहत नाहीत.

दुकान बंदराच्या रस्त्यावर होतं. डॅन्यूब नदीतून बोटी यायच्या त्या काळातलं. पुढे काच, मागे दुरुस्तीचं टेबल आणि मध्ये पडदा. पडदा साबिनाने, म्हणजे त्याच्या बायकोने शिवलेला. ती गल्ल्यावर, तो टेबलापाशी, आणि दिवसभर दोघं पडद्यातून भांडायची. ती गेल्यावर त्याने पडदा बाजूला सारला तो सारलाच. भांडायला पलीकडे कुणी नसेल तर पडदा काय ओवाळायचाय?

मुलगी क्रिना स्पेनमध्ये, कास्तेलॉनला, संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामावर. दर रविवारी चर्च सुटल्यावर तिचा फोन यायचा आणि दर रविवारी ती एकच गोष्ट सांगायची. बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या. मागची खोली रिकामी आहे. कपडे धुवायचं मशीन तिथेच आहे, पण ते फक्त शनिवारी लावते. पोंपिल म्हणायचा, पाहू. हे ‘पाहू’ चार वर्षं चाललं. त्याला मुलीकडे जायचं नव्हतं असं नाही. त्याला त्या मशीनशेजारचा म्हातारा व्हायचं नव्हतं. इथे तो निदान दुकानदार होता. सकाळी आठला शटर वर करायचं, संध्याकाळी सहाला खाली. मधल्या वेळात कुणी नाही आलं, तरी ते न येणं दुकानात न येणं असतं. घरात बसलेल्या माणसाकडे कुणी येत नाही, त्याची तऱ्हा निराळी.

ऑगस्टातला मरियमचा सण झाला आणि तिसऱ्या दिवशी क्रायोवा शहरातून कंपनीचा माणूस आला. रझ्वान त्याचं नाव. तिशीचा, केस जेल लावून मागे बसवलेले, आणि घाम पुसायला खिशात कागदाचा रुमाल. याच कंपनीकडून पोंपिल बॅटऱ्या, बल्ब, हिटरच्या कॉइल घ्यायचा. रझ्वान पोरगा वाईट नव्हता. बोलताना खाली बघायचा, म्हणजे वाईट बातमी दुसऱ्या कुणाची तरी होती.

बातमी अशी, की ज्या गावात माल फिरत नाही तिथे कंपनी यापुढे गाडी पाठवणार नाही. कोराबिया त्या यादीत होतं. यादीतून नाव काढायला एकच वाट होती, आणि ती गाडीच्या मागच्या भागात चोवीस खोक्यांत भरलेली होती.

“ओळखता का, नेआ पोंपिल?” रझ्वानने एक खोकं काउंटरवर ठेवलं.

नेआ म्हणजे आमच्याकडे थोरल्या माणसाला मान देऊन मारायची हाक. आणि खोक्यावरचं नाव न ओळखायला पोंपिल आंधळा नव्हता. नोर्ता. टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा डबा. चौऱ्याण्णव साली कोराबियातली पहिली नोर्ता त्यानेच बुकारेस्टच्या बाजारातून मांडीवर घेऊन आणली होती. रेल्वेत बाकावर जागा नव्हती, तो खाली जमिनीवर बसला, पण नोर्ताला मांडी मिळाली. मग दुकानात बाक टाकला, तासाच्या भाड्याने खेळायला दिली. पूर्ण तासाचे पैसे कुठल्याच पोराकडे नसायचे, म्हणून पोरं जोडीने यायची, अर्धे अर्धे काढून. साबिना ओरडायची की दुकानाची शाळा केलीस. ओरडून झालं की त्यांना पाव आणि जॅम द्यायची.

आता कंपनीने तीच जुनी नोर्ता पुन्हा काढली होती. धाकटी, हलकी, स्वस्त. आतले खेळ तेच, अंग मात्र अर्धं. रझ्वानने पाठ केल्यासारखं सांगितलं की लहान गावात, कमी पैशात, जुन्या नावावर ही चालेल असा वरच्यांचा अंदाज आहे. चोवीसपैकी पंधरा खपल्या तर नाव त्या यादीतून निघेल. मुदत ऑक्टोबरअखेरच्या संत दिमित्रीच्या दिवसापर्यंत. आमच्याकडे सगळे करार त्याच दिवशी सुटतात. मेंढपाळ मेंढ्या ज्याच्या त्याला परत करतात, भाडेकरू खोल्या सोडतात. कंपनीतल्या कुणाची तरी आजी खेड्यातली असणार. उरलेली खोकी सील न तोडता परत द्यायची. आणि जाता जाता रझ्वानने एक छापील कागद दिला. वर लिहिलं होतं, बाजाराच्या शक्यता. खाली रिकाम्या रेघा. कोण घेईल, का घेईल, किती घेईल. लिहून ठेवा, म्हणाला. वरच्यांना दुकानदाराच्या तोंडचं ऐकायचंय.

त्या रविवारी पोंपिलने मुलीला सांगून टाकलं, की पंधरा खपल्या तर मी इथे, नाही खपल्या तर तुझ्याकडे. क्रिनाने लगेच कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली की ऑक्टोबर संपताना विमानाची तिकिटं स्वस्त असतात, एक धरून ठेवते. तिच्या आवाजातला आनंद पोंपिलला ऐकू आला आणि त्याला अपराध्यासारखं झालं. कारण इकडे तो मनातल्या मनात खोकी काचेत कशी मांडायची याचा विचार करत होता.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली तसा तो एक दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहिला. बाजाराच्या शक्यता बघायला. सगळ्या वर्गांची मिळून मुलं एका बसमध्ये मावतील एवढी निघाली. पाठीवर दप्तर, हातात फोन, मान खाली. एकाला त्याने विचारलं की नोर्ता माहीत आहे का. पोराने अगदी सभ्यपणे सांगितलं की माहीत आहे, त्याच्या बाबांच्या लहानपणीच्या फोटोत आहे. फाटकाबाहेर आज्या उभ्या होत्या. आया-बाप एकही नाही. पोंपिल घरी आला आणि त्याने कागदावर ‘कोण घेईल’पुढे पेन्सिलीने लिहिलं, माहीत नाही. पेन्सिलीने, म्हणजे खोडता येईल.

महिन्याभरात दोन खपल्या. एक पाद्र्याच्या बायकोने भाच्यासाठी नेली. दुसरी एका ट्रॅक्टरवाल्याने, त्यातल्या वायरसाठी. डबा नको म्हणाला, ठेवून घे. पोंपिलने तो त्याच्या पिशवीत कोंबला. विकलं ते विकलं.

ऑक्टोबर लागला आणि पहिल्याच आठवड्यात वेता आली.

वेता वरच्या आळीतली. पोंपिलपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचा एकुलता एक लिविऊ एप्रिलात स्पेनमध्ये, सारागोसाला, इमारतीच्या परांचीवरून पडून गेला. एकतीस वर्षांचा. शवपेटी कोराबियात आली तेव्हा गावातले होते नव्हते ते सगळे पुरुष लागले खांदा द्यायला, आणि तरी एक कमी पडला. बस ड्रायव्हरने बस उभी करून खांदा दिला होता.

ती काउंटरपुढच्या स्टुलावर बसली, डोक्यावरचा काळा रुमाल सारखा केला आणि पितरांचा शनिवार जवळ आल्याचं बोलली. संत दिमित्रीच्या आधीचा शनिवार तो. त्या दिवशी आमच्याकडे जो तो आपल्या गेलेल्यांच्या नावाने दान देतो. इथे जे द्यावं ते तिकडे त्यांना मिळतं. न द्यावं ते मिळत नाही. सोपा हिशोब आहे, पाद्र्यालाही यात बदल करता येत नाही. मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवशी वेताने लिविऊच्या नावाने पलंग दिला होता, गादी, घोंगडी, टेबल, ताटं, बूट. सगळं मिळालं असेल त्याला. पण गेल्या आठवड्यात तो स्वप्नात आला होता.

“हात असे धरून उभा होता,” वेताने दोन्ही मुठी छातीशी आणल्या आणि अंगठे हलवून दाखवले. “आणि हातात काही नाही रे पोंपिल. नुसते अंगठे हलवत होता. मी म्हटलं, बाळा, काय हवंय? बोलेना. सकाळी उठल्यावर कळलं मला. अर्धं आयुष्य त्याने तुझ्या बाकावर घातलं. त्यालाच मी ते द्यायचं विसरले.”

पोंपिलने खोकं खाली उतरवलं. घाईघाईने, आणि खरं सांगायचं तर लिविऊच्या आठवणीनेच नव्हे. तिसरी, त्याच्या मनात आलं. आणि वेताने दिलं की वरच्या आळीतल्या सगळ्या देतील. बायकांचं या बाबतीत लोकरीच्या गुंड्यासारखं असतं, एक टोक ओढलं की सगळं येतं.

वेताने खोकं हातात घेऊन सगळीकडून बघितलं. वरच्या चित्रातल्या पोराच्या हातात एक रिमोट होता. तिने विचारलं, दुसरा कुठेय?

पोंपिल म्हणाला की यात एकच येतो.

“मग एक वेगळा दे. जेलूचा.”

जेलू म्हणजे लिविऊचा जोडीदार. दोघं कायम एकत्र, अर्धे अर्धे पैसे काढून. एकोणिसाव्या वर्षी जेलू डॅन्यूबमध्ये बुडाला. वेताचं म्हणणं असं, की आता तिकडे दोघं पुन्हा भेटलेच असणार, एकाच गावचे आहेत, भेटल्यावाचून राहतील कसे? तर दोघांना पुरेल असं पाहिजे.

आता इथे पोंपिलला गप्प बसता आलं असतं. तिला कपाटातला कुठलातरी जुना रिमोट बांधून दिला असता तर ती उठून गेली असती. दानाचा डबा टीव्हीला जोडून वेता थोडीच बघणार होती? मेलेली माणसं येऊन तक्रार करत नाहीत. त्याने डब्याची पुढची बाजू बघितली. रिमोटची पिन घालायला एक खोबण होती. शेजारी जिथे दुसरी असायची, तिथे गुळगुळीत प्लास्टिक. कंपनीने काटकसर इथेच केली होती. हल्लीची मुलं एकटीच खेळतात असं कुणीतरी कुठेतरी कागदावर लिहिलं असणार.

“वेता,” तो म्हणाला, “दुसरा रिमोट देतो मी तुला. पण तो घालायला जागाच नाही याला. यात एकटाच खेळू शकतो.”

वेताने खोकं काउंटरवर ठेवलं. रागावली नाही. नुसती उठली.

“एकटा तो सारागोसात होताच की सहा वर्षं,” ती म्हणाली. “तिकडे तरी नको.”

ती गेल्यावर पोंपिल बराच वेळ त्या गुळगुळीत प्लास्टिकवर अंगठा फिरवत बसला. चाळीस वर्षांची सवय. वस्तू नीट चालत असली तरी ही अशी का, हे आत बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. साबिना म्हणायची, तुला स्वर्गात घेतलं तर पहिलं तू फाटकाचं कुलूप उघडून बघशील. सील तोडलं तर खोकं परत जाणार नव्हतं. त्याने तोडलं.

चार स्क्रू. आत हिरवी पाटी, आणि पाटीवर पहिल्या खोबणीशेजारी पाच बारीक भोकं, रिकामी. त्यांच्याभोवती पांढऱ्या रंगात छापलेली चौकट आणि चौकटीत आकडा, दोन. पंगतीत पान मांडावं, पाणी ठेवावं, आणि माणसाला बोलावूच नये, तसं. जागा पहिल्यापासून होती. फक्त भरली नव्हती.

मागे फळीवर मेलेल्या जुन्या नोर्ता पडल्या होत्या, पाच-सहा तरी. त्याने एकीची खोबण उकलून काढली, स्पिरिटने पुसून स्वच्छ केली, आणि त्या पाच भोकांत बसवून कथलाचा डाग दिला. मग तापल्या सुरीने पुढच्या प्लास्टिकला चौकोन पाडला. चौकोन जरा वाकडा गेला. टीव्ही लावला, दोन रिमोट जोडले, आणि पडद्यावर दोन माणसं आली. एक निळं, एक लाल.

निरोप मिळाला तशी दुसऱ्या दिवशी वेता आली ती मडक्यात ऊद घेऊन. दुकानातच तिने डब्याभोवती तीनदा धूर फिरवला, तोंडाने लिविऊचं नाव घेतलं, जेलूचंही घेतलं. पोंपिलला खोकला आला. तिने मडकं त्याच्या डोक्यावरूनही एकदा नेलं, असू दे म्हणाली, तुलाही इथे कुणी नाही.

आणि गुंडा उलगडला. शनिवारपर्यंतच्या दिवसांत बायका येत राहिल्या. काळा रुमाल, हातात पिशवी, आणि ओठांवर एक नाव. जॉर्जेल, ट्रकवर होता. पेत्रिका, जर्मनीत न्यूमोनियाने गेला. कोझ्मिन, त्याचं काय झालं ते त्याची आई बोलली नाही आणि पोंपिलने विचारलं नाही. प्रत्येक नावाला तो पोराला ओळखत होता. कोण उजव्या बाजूला बसायचा, कोण हरला की रडायचा, कोण साबिनाकडून जॅम-पावाचा दुसरा तुकडा मागायचा. दिवसभर तो डाग देत बसायचा आणि प्लास्टिक जळल्याचा वास साबिनाच्या पडद्यात भरायचा. फळीवरच्या खोबणी संपल्यावर त्याने जुन्या फोनांमधून तशाच बनवल्या. त्याला फार दिवसांनी काम होतं. आणि कुणासाठी आहे हे आठवलं की हात थांबायचा.

तुदोरित्सा नावाची बाई आली तिच्या घरात कुणीच गेलं नव्हतं. ती म्हणाली की मला माझ्यासाठीच हवाय. पोंपिलला वाटलं, ही खेळणार. तर तसं नाही. जिवंतपणीच स्वतःच्या नावाने देऊन टाकणार होती. आमच्या ओल्तेनिया प्रांतात अशी चाल आहे, पोरांचा भरवसा नसला की माणसं आपलं आपण उरकून घेतात.

“मी मेल्यावर मला कोण देणार?” ती म्हणाली. “पोरगी इटलीत, नातू इटलीत. नातू काही लवकर वर यायचा नाही, देव त्याला शंभर वर्षं देवो. पण येईल तेव्हा आजीकडे काहीतरी असावं ना खेळायला. नाहीतर तो तिथेही दोन दिवसांत कंटाळेल आणि म्हणेल, जातो.”

तिलाही एक बांधून दिली. आधीच्या दोन धरून सगळ्या मिळून सतरा खपल्या.

अडचण आली ती शनिवारी, स्मशानात. दान ज्याच्या नावाने, त्याच्याच वयाच्या माणसाला द्यावं अशी रीत. आणि घेणाऱ्याने ते वापरलं पाहिजे, गुंडाळून ठेवलं तर तिकडेही गुंडाळलेलंच मिळतं. पण तिशी-पस्तिशीचे पुरुष कोराबियात कुठून आणायचे? बायका मेणबत्त्या लावून, कोलिवाची ताटं घेऊन, खोकी काखेत धरून कबरींमधून माणसं शोधत हिंडल्या. उकडलेल्या गव्हाच्या त्या कोलिवावरची साखर वाऱ्याने उडत होती. पोस्टमन चौतिशीचा, त्याला तीन मिळाल्या. त्याच्या घरी टीव्ही एकच. बस ड्रायव्हरला दोन. स्मशानाच्या रखवालदाराला एक, तो छप्पन्नचा, पण दाढी केली की लहान दिसतो असं ठरलं. उरलेल्या शाळेतल्या पोरांना गेल्या. पोरांनी मान खाली घालून घेतल्या. आज्या मागून त्यांना ढोसत होत्या, की नीट म्हण, काय म्हणतात ते.

पोंपिल साबिनाच्या कबरीपाशी होता. वेता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. खोक्यावर तिने मेणबत्ती आणि गोल पाव दोऱ्याने बांधला होता.

“तू त्याच्या वयाचा नाहीस,” ती म्हणाली. “पण त्याला धरायला शिकवलं ते तूच. घे. लिविऊच्या आत्म्याला पोचो.”

“बोग्दाप्रोस्ते,” पोंपिल म्हणाला. देवाने तुझ्या मेलेल्यांना क्षमा करावी, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे दान घेताना एवढंच म्हणतात. आभार मानायचे नसतात, कारण दिलेलं आपल्याला नसतं.

“आणि खेळ बरं का रोज. ठेवून देऊ नकोस.” वेताने रुमाल ओढला. त्याने तिला म्हटलं की तूही येत जा, दुसरा रिमोट धरायला. तिने हात पुढे केले. बोटं संधिवाताने वाकलेली. यांनी मी कोलिवाचा चमचा धरते तेच पुष्कळ, म्हणाली, आणि तिच्या वाटेने गेली.

सोमवारी रझ्वान आला. सात शिल्लक बघून त्याचा विश्वास बसेना. त्याने खोकी दोनदा मोजली, मग पोंपिलच्या गळ्यात पडला. आजूबाजूच्या सगळ्या गावांत मिळून चार खपल्या होत्या. त्याने छापील कागद मागितला. पोंपिलने पुढे केला. ‘कोण घेईल’पुढचं ‘माहीत नाही’ खोडून तिथे लिहिलं होतं, साठीपुढच्या बायका.

“नातवंडांसाठी?”

“नाही. पोरांसाठी.”

“आणि पोरं कुठे असतात त्यांची?”

पोंपिलने हनुवटीने वरच्या रस्त्याकडे दाखवलं. त्या रस्त्यावर पुढे फक्त स्मशान आहे. रझ्वान बघत राहिला. शहरातला असला तरी तोही ओल्तेनियाचाच होता, आजीने वाढवलेला. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याने छातीवर क्रूस काढला आणि कागदाचा रुमाल शोधू लागला.

मग पोंपिलने दुसऱ्या खोबणीचंही सांगितलं, सील तोडल्याचं, भोकांचं, पांढऱ्या आकड्याचं. वरच्यांना एवढं सांग, म्हणाला, की जागा आहेच आत, दुसऱ्यासाठी. भरून का नाही देत? रझ्वानने कागद उलटसुलट करून बघितला. त्यात हे लिहायला रेघ नव्हती. शेवटी त्याने शेवटच्या ओळीत लिहिलं, ऑक्टोबरात मागणी वाढते.

दुकान यादीतून सुटलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण रझ्वान आता रंगात आला होता. त्याने वसंतासाठी चाळीसची गोष्ट काढली. पितरांचा शनिवार वसंतातही असतो की, नेआ पोंपिल. तुम्ही खोबणी बसवा, मी सील तुटलेलं बघत नाही.

पोंपिलने डाग देताना काउंटरवर सांडलेली राळ नखाने खरवडली.

“पोरा, त्या बाकावर बसलेली आणि आता नसलेली पोरं एवढीच होती. बाकीची जिवंत आहेत. स्पेनमध्ये, इटलीत, आहेत तिथे सुखात असोत. मी चाळीस खोकी काचेत मांडून बसलो तर मी वाट कशाची बघत बसायचं?”

रझ्वानने चाळीसचा विषय मिटवला. बॅटऱ्या आणि बल्ब उतरवले, उरलेली सात खोकी गाडीत घातली, आणि अंधार पडायच्या आत क्रायोवाला पोचायचं म्हणून निघाला.

रविवारी क्रिनाचा फोन आला. तिकीट धरून ठेवलेलं, पैसे भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. पोंपिलने सांगितलं की सतरा खपल्या. ती बरं म्हणाली. त्या ‘बरं’चा तळ फार खोल होता. मग तिने सांगितलं की कपड्यांचं मशीन तिने त्या खोलीतून हलवलंय, स्वयंपाकघरात दाटीवाटी झाली, पण आता खोलीत आवाज नाही. चार वर्षांत त्याने मनातल्या मनात ते मशीन सबब म्हणून इतक्यांदा पुढे केलं होतं, आणि पोरीने ते एकटीने ओढून बाहेर काढलं होतं.

मग त्याने तिला लिविऊच्या दानाचं सांगितलं. मी घेतलंय म्हणाला, आता वर्षभर तरी खेळायला पाहिजे. टाकून कसा येऊ? क्रिना आणि लिविऊ एका वर्गात होती. तो बाकावर बसायचा तेव्हा ती पडद्याआडून बघायची, तिला वाटायचं की बापाला माहीत नाही. पलीकडे कुणाच्यातरी घरात स्पॅनिश रेडिओ चालू होता.

“दुसऱ्या रिमोटवर कोण असतं बाबा?” तिने विचारलं.

“असतं गं कुणी ना कुणी,” पोंपिल म्हणाला. “दुकान आहे. येतात माणसं.”

फोन ठेवून तो दुकानातल्या टीव्हीसमोर बसला. दुपारचं ऊन काचेतून बाकापर्यंत आलं होतं. दोघांच्या खेळात असं आहे, की दोन्ही रिमोटवरचं बटण दाबल्याशिवाय तो सुरू होत नाही. त्याने आपलं दाबलं. मग वाकून शेजारच्या रिकाम्या जागेवरचं दाबलं.